जुन्या जीपचा धूर आणि पीयूसीचा कागद

गोव्यात पेडण्याच्या सड्यांवर आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात जुनी जीप अजून कामाची आहे. मार्च ते मे या काजूच्या मोसमात डोंगरातले बोंडू भट्टीपर्यंत आणायचे असतात. जांभ्याच्या चिऱ्यांची खण, कुळागरातले नारळ, पावसात वाहून गेलेल्या वाटेपलीकडचे घर, हे सगळे डांबर संपते तिथून पुढे सुरू होते. तिथे चारही चाकांना जोर देणारी आणि गावच्या गॅरेजात उघडता येणारी गाडी लागते. मग पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची, तारीख येते. यंत्रावर धुराचा आकडा मर्यादेबाहेर जातो आणि मालकाला तीन सल्ले मिळतात : पंप कमी करून घे, कुठून तरी कागद आण, नाहीतर भंगारात दे. तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत असते, की धूर हा जुन्या गाडीचा स्वभावच आहे आणि गाडी नीट चालणे वेगळे, धुराची परीक्षा पास होणे वेगळे. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. पीयूसीच्या यंत्राला जे खटकते, तेच चढावर जीपला मागे ओढत असते. जुन्या इंजिनाच्या बाबतीत धुराची दुरुस्ती आणि जोराची दुरुस्ती हे एकच काम आहे. ते काम पुरे केल्यावरही जी जीप मर्यादेत येत नाही, तिच्याबद्दलच निवृत्तीचा विचार करावा.

या गाड्या मुळात कोणत्या, हे आधी पाहायला हवे, कारण प्रत्येक पिढीचे दुखणे वेगळे आहे. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. पुढे अनेक वर्षे रस्त्यावर दिसलेली सीजे-३बी पेट्रोलवर चालायची. तिचे एफ-१३४ इंजिन सुमारे २.२ लिटरचे, कार्बुरेटर आणि पॉइंट-कंडेन्सरवाले. नंतर डिझेलचा जमाना आला. आधी ट्रॅक्टरचे इंटरनॅशनल इंजिन, मग ऐंशीच्या दशकात प्यूजोचे २,११२ सीसीचे एक्सडीपी-४.९०. एमएम-५४० या जीपने हेच इंजिन घराघरांत नेले. २०१० मध्ये थार आली तेव्हा तिच्या वरच्या प्रकारात कॉमन रेलचे संगणकनियंत्रित डिझेल होते. नियमांचा इतिहास याला समांतर चालतो. नव्या मोटारींच्या धुरावर देशव्यापी मर्यादा आल्या त्या पेट्रोलला १९९१ मध्ये आणि डिझेलला १९९२ मध्ये. भारत स्टेज-३ देशभर लागू झाले २०१० मध्ये, स्टेज-४ १ एप्रिल २०१७ रोजी आणि स्टेज-६ १ एप्रिल २०२० रोजी. म्हणजे १९८८ ची एमएम-५४० बनली तेव्हा तिच्यासाठी अशी मर्यादाच नव्हती. पण आजही कायदा तिला स्टेज-६ची गाडी व्हायला सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ वा नियम तिच्याकडून एवढेच मागतो, की वापरात असताना धूर ठरावीक पातळीखाली राहावा. नीट ठेवलेल्या इंजिनाला ती पातळी गाठता येते.

ती पातळी म्हणजे नेमके काय, हे पीयूसी केंद्रातल्या यंत्राकडे पाहिले की कळते. डिझेलच्या तपासणीत सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून धुराचा काही भाग एका कप्प्यात घेतात. कप्प्याच्या एका टोकाला दिवा असतो, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा. मोजमापासाठी धुरातून जाणाऱ्या प्रकाशाची वाट ४३० मिलिमीटर लांब धरलेली आहे. स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांना मर्यादा आहे ६५ हार्ट्रिज एकके, म्हणजे एवढ्या लांबीच्या धुराने शंभरातला पासष्ट प्रकाश अडवला तरी चालतो. हाच आकडा प्रकाश शोषणाच्या गुणांकात लिहिला तर २.४५ प्रतिमीटर होतो. स्टेज-४ च्या गाडीला मर्यादा ५० एकके किंवा १.६२. मोजणी उभ्या गाडीत होते. इंजिन गरम करून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात, इंजिन गव्हर्नरच्या टोकापर्यंत चढू देतात, सोडतात, आणि असे काही वेळा करून सरासरी काढतात. यातून दोन गोष्टी निघतात. पासष्ट टक्के प्रकाश अडवणारा धूर म्हणजे उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसणारा काळा लोट. मर्यादा इतकी सैल असताना जी जीप नापास होते, तिच्यात मोठा बिघाड आहे. दुसरी गोष्ट अशी, की ही मोजणी बिनओझ्याची आहे. उभ्या गाडीत जेमतेम पास झालेली जीप चोर्ला घाटात ओझे घेऊन चढताना भरपूर काळे सोडू शकते. मालकाने आपली खरी परीक्षा तिथे घ्यावी.

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, आणि तो होतो इंधनाच्या मानाने हवा कमी पडली की. एक किलो डिझेल पुरते जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्ष इंजिनात इंधन हवेत नीट मिसळायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून काळे न टाकता चालायचे तर याहून बरीच जास्त हवा पुरवावी लागते. आता एमएम-५४० चा हिशेब पाहू. २,११२ सीसीचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ही हवा सुमारे १,८०० ते २,००० लिटर भरते. उन्हाळ्यात डिचोलीच्या खाणरस्त्यांवर टिपरच्या मागून जाताना ही सगळी हवा तांबड्या धुळीतून येते. पिळगावजवळच्या सारमानससारख्या धक्क्यांकडे खनिज वाहणाऱ्या वाटा असोत की पेडण्यातली चिरेखाणींची कच्ची वाट, जांभ्याच्या धुळीत लोहाचे ऑक्साइड आणि सिलिकाचे बारीक कण असतात. एअर फिल्टर चोंदला की हवा कमी, धूर काळा. फिल्टर नीट बसला नाही, त्याचा रबरी होज तडकला किंवा क्लिप सैल राहिली, तर धूळ सरळ सिलिंडरात जाते आणि रिंगा-लायनर घासते. पहिला दोष साफसफाईने जातो. दुसऱ्या दोषाची किंमत काही वर्षांनी इंजिन उतरवून भरावी लागते. म्हणून धुराची तक्रार घेऊन आलेल्या जीपचे काम नोझलपासून नव्हे, फिल्टरच्या डब्यापासून सुरू व्हायला हवे.

जुन्या जीपांत बहुधा तेलाचा फिल्टर असतो. डब्याच्या तळाशी इंजिन ऑइल, हवा त्यावर आपटून वळते, जड कण तेलात पडतात, बाकीचे वरच्या तारांच्या जाळीत अडकतात. हा फिल्टर धुळीच्या मुलखासाठी चांगला आहे, कारण तो धुऊन पुन्हा वापरता येतो. पण त्याचे तंत्र पाळावे लागते. डब्यावर तेलाच्या पातळीची खूण असते. तेल खुणेपेक्षा कमी असेल तर धूळ निसटते. जास्त असेल तर उंच चढावर किंवा गाडी कलल्यावर तेल हवेबरोबर ओढले जाते. मग निळसर धूर येतो आणि लोक रिंगा गेल्या म्हणून इंजिन उघडायला बसतात. डिझेल इंजिन असे ओढलेले तेल इंधनासारखे जाळते, त्यामुळे तेल फार झाले तर ॲक्सिलरेटर सोडूनही फेऱ्या वाढत जाण्याचा धोका असतो. काजूच्या मोसमात डबा आठवड्याला उघडून पाहावा, तेल चिखलासारखे घट्ट झाले की बदलावे आणि जाळी डिझेलने धुऊन पुरती निथळल्यावरच लावावी. खर्च अर्ध्या लिटरच्या आसपास तेलाचा. एवढ्यानेच धुराचा आकडा खाली येतो आणि चढावर गाडीने एक गिअर वर धरला, असे झाले तर बाकीच्या खर्चाला हात लावायची गरज नाही.

हवेचा प्रश्न सुटल्यावर इंधनाकडे वळावे. एक्सडीपीसारख्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारले जाते, तिथे पेट घेते आणि मग मुख्य सिलिंडरात पसरते. नोझल नीट असेल तर फवारा धुक्यासारखा उडतो आणि एकदम तुटतो. ती झिजली की फवाऱ्याची धार होते, शेवटी थेंब गळतो. तो थेंब जळत नाही, त्याचा काजळीचा दाणा होतो. नोझल उघडण्याचा दाब पंपवाल्याकडच्या हातपंपावर मोजता येतो. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात तो आकडा दिलेला असतो आणि चारही नोझलचा दाब सारखा हवा. एक नोझल बदलून तीन जुन्या ठेवल्या तर इंजिन थरथरते, कारण चार सिलिंडर चार वेगळ्या हिशेबांनी जळतात. पंप किती इंधन देतो आणि कधी देतो, हाही तितकाच महत्त्वाचा भाग. टाइमिंग मागे गेले तर इंधनाला जळायला वेळ पुरत नाही, धूर वाढतो, पाणी तापते आणि जोर जातो. इथेच पहिला सल्ला आडवा येतो : पंप कमी कर. पंपावर इंधनाची कमाल मर्यादा ठरवणारा, सील केलेला स्क्रू असतो. तो आत-बाहेर केला की धुराचा आकडा त्या दिवशी खाली येतो हे खरे. पण मूळ दोष चोंदलेला फिल्टर किंवा गळकी नोझल असेल, तर इंधन कमी करून दोष फक्त झाकला जातो. जीप चढावर मरते, चालक ॲक्सिलरेटर तळाला लावून खालच्या गिअरात रखडतो, आणि कागद मिळाल्यावर स्क्रू परत फिरवला जातो. हा स्क्रू कारखान्याच्या आकड्यावर, कॅलिब्रेशनच्या बाकावरच बसवावा. तो आधीच कोणी जोर मिळावा म्हणून वाढवून ठेवला असेल, तर मात्र धुराचे कारण तोच आहे.

ऑफ-रोडच्या हौसेतून येणारे एक कारण फारसे कोणी धुराशी जोडत नाही. ते म्हणजे मोठे टायर. एमएम-५४० चा मूळ ६.००-१६ टायर साधारण २८ ते २९ इंच व्यासाचा. त्या जागी ३३ इंचाचा बसवला की चाकाचा घेर सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. पूर्वी दुसऱ्यात जाणाऱ्या चढावर आता इंजिन कमी फेऱ्यांवर दबते. कमी फेऱ्या आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर ही काळ्या धुराची ठरलेली परिस्थिती आहे. उभ्या गाडीच्या तपासणीत हे दिसत नाही, कारण तिथे चाक फिरतच नाही. म्हणून पीयूसी पास असलेली, पण सड्यावर काळे सोडणारी जीप भेटली तर तिच्या टायरकडे पाहावे. मोठे टायर ठेवायचेच असतील तर खालच्या रेंजचा दांडा वेळेवर टाकावा, नाहीतर मूळ मापावर परत यावे.

धूर निळा असेल तर तेल जळते आहे, आणि तेही इंजिन नुकतेच सुरू झाल्यावर की उतारावरून येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर, हे पाहावे. या दोन्ही बाबतींत व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाइडवर संशय जातो, सतत निळे येत असेल तर रिंगांवर. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढले आणि तिथून धक्के देत वाफ येऊ लागली, तर जळलेला वायू रिंगांवरून खाली उतरतो आहे. सिलिंडरमागे कॉम्प्रेशन मोजले की अंदाज पक्का होतो. पांढऱ्या धुराचे दोन प्रकार. पावसाळ्यातल्या सकाळी थोडा वेळ दिसून जाणारा, डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ. त्याला हीटर प्लग, उशिराचे टाइमिंग किंवा इंधनाच्या नळीत शिरलेली हवा कारण असते. इंजिन तापल्यावरही थांबत नाही, रेडिएटरचे पाणी घटते आणि त्यात बुडबुडे येतात, तो पांढरा धूर हेड गॅस्केटचा. गोव्यात यात पाण्याची भर पडते. जून ते सप्टेंबर जीप उभी राहिली, टाकी अर्धी असली, की दमट हवेतले पाणी टाकीच्या भिंतीवर जमून तळाशी उतरते. ते नोझलच्या बारीक वाटेपर्यंत गेले तर गंज आणि मग बिघडलेला फवारा. पावसाआधी टाकी भरून ठेवणे आणि पावसानंतर फिल्टरच्या वाटीतले पाणी सोडणे, हे धूर टाळण्याचे सर्वांत स्वस्त उपाय आहेत.

पेट्रोलच्या जुन्या जीपला दिव्याचे यंत्र लागत नाही. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकीला मर्यादा आहे ३ टक्के आणि १,५०० पीपीएम. या दोन आकड्यांचा मेळ हाच निदानाचा धागा. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन बेताचे असेल तर मिश्रण गडद आहे. चोक अडकला, फ्लोटची पातळी वर गेली, जेट झिजला किंवा फिल्टर चोंदला, असे समजावे. उलट मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरपूर असेल तर मिश्रण जळतच नाही. अशा वेळी प्लग, पॉइंट, कंडेन्सर, वायर, किंवा हवा ओढणारी मॅनिफोल्डची गॅस्केट पाहावी. दोन्ही जास्त असतील तर दोन्हीकडे पाहावे लागते. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात एक नवी गोष्ट आणली आहे. इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे एकतृतीयांश ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला जेट तेवढेच इंधन देत राहिला की मिश्रण फिके होते. मोनॉक्साइडचा आकडा सुधारतो, पण गाडी पिकअपला अडखळते आणि तापते. पेट्रोलमधले इथेनॉल पाणीही ओढते, आणि चार महिने दमट हवेत उभ्या जीपच्या टाकीत ते पाण्यासकट तळाशी वेगळे होऊ शकते. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचे रबर इथेनॉलला टिकेल असे बदलून, जेट एक पायरी मोठा करून आकडे पुन्हा पाहिले, तर याच पेट्रोलवर जुनी सीजे चालते. 

यावर पहिला आक्षेप नव्या पिढीच्या जुन्या गाड्यांवरून येतो. २०१० ते २०२० च्या दरम्यानच्या कॉमन रेल जीपवाल्यांचे म्हणणे उलटे असते : धूर कमी करायला बसवलेल्या वस्तूंनीच गाडी बिघडवली. ईजीआर व्हॉल्व्ह काळ्या काजळीने जाम होतो, पत्री लावून तो बंद केला की पिकअप येते, मग हे प्रदूषणाचे सामान काढणे हीच दुरुस्ती नाही का? यातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. ईजीआर थोडा जळलेला वायू पुन्हा आत पाठवून ज्वालेचे तापमान कमी करतो, कारण जास्त तापमानातच नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. आत जाणाऱ्या काजळीवर क्रँककेसच्या ब्रीदरमधले तेलकट धुके बसले की डांबरासारखा थर जमतो. हे तेल वाजवीपेक्षा जास्त का येते? रिंगा किंवा टर्बोची सील सैल म्हणून. काजळी जास्त का? नोझल किंवा हवेचा सेन्सर चुकीचा म्हणून. व्हॉल्व्ह बंद केल्याने रोगाची तक्रार बंद होते, रोग नाही. साधी पीयूसी नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाही, त्यामुळे हे लपते. पण ते आहेच. ईजीआर आणि मॅनिफोल्ड उतरवून धुणे, ब्रीदरचा पाइप साफ करणे, सेन्सर तपासणे आणि अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर नीट गरम होईपर्यंत चालवणे, एवढ्याने पिकअप परत येते. पेडण्याच्या बाजारात आणि वाडीत दोन-दोन किलोमीटर रखडणाऱ्या गाडीला शेवटच्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नीट केलेली एमएम-५४० देखील नव्या गाडीपेक्षा घाणच सोडणार, मग तिच्यावर पैसा का घालावा? आकडे याला दुजोरा देतात. डिझेल मोटारीला कणांची मर्यादा स्टेज-३ मध्ये किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम होती, स्टेज-६ मध्ये ०.००४५. फरक अकरा पट, आणि एमएम-५४० स्टेज-३ च्याही आधीची. जुनी जीप कमी चालते म्हणून तिचा धूर नगण्य, असे समर्थन नेहमी केले जाते. ते हिशेबात टिकत नाही. समजा बिघडलेली जीप किलोमीटरमागे अर्धा ग्रॅम कण सोडते आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते. झाला एक किलो. स्टेज-६ ची टॅक्सी मर्यादेवर राहून पन्नास हजार किलोमीटर चालली तरी २२५ ग्रॅम सोडेल. म्हणजे घरी उभी असणारी जीप वर्षभर धावणाऱ्या टॅक्सीच्या चौपट. पण हाच हिशेब पुढे नेला तर दुरुस्तीचे महत्त्व कळते. नोझल, फिल्टर आणि टाइमिंग नीट करून तो अर्धा ग्रॅम पाव वाट्यावर आला, तर वर्षाचे अडीचशे ग्रॅम, टॅक्सीच्या बरोबरीला. आकडे समजून घेण्यापुरते धरलेले आहेत, तरी दिशा पक्की आहे : थोडे चालणारी गाडी आणि नीट ठेवलेले इंजिन या दोन अटी एकत्र असतील तरच जुनी जीप ठेवण्याचा युक्तिवाद उभा राहतो. रोज भाड्याने पन्नास-शंभर किलोमीटर धावणाऱ्या जीपला तो लागू होत नाही. तिने नव्या गाडीला जागा द्यावी.

तिसरा आक्षेप कायद्याचा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीचे आदेश निघाले, सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर वाढत नाही, मग खासगी जीप किती दिवस? गोव्यात खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. २०२२ मध्ये मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, आणि कल पुढेही चढाच आहे. कायदा जुनी गाडी ठेवणे महाग करतो आहे, पण बंद करत नाही. तिथे काही शॉर्टकट मात्र खरेच बंद आहेत. जुन्या जीपमध्ये दुसऱ्या कंपनीचे ताकदवान इंजिन टाकून धुराचा प्रश्न मिटवायचा विचार अनेकजण करतात. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने दिलेल्या तपशिलाबाहेरचे फेरफार अडवते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात तेच ठामपणे सांगितले. इंजिन बदलायचे तर त्याच बनावटीचे, आरटीओच्या परवानगीने. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण त्या नोंदणीवर रोजचे किंवा धंद्याचे काम चालत नाही. म्हणजे काजू वाहणाऱ्या सीजे-३बीला तो रस्ता नाही. तिला मूळ इंजिन नीट ठेवण्यावाचून पर्याय नाही, आणि तो पर्याय वाईटही नाही.

राहिला दुसरा सल्ला, कुठून तरी कागद आणण्याचा. पीयूसी हा दिखावा आहे, केंद्रावर ॲक्सिलरेटर पुरता दाबलाच जात नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती जिथे खरी असेल तिथे नुकसान प्रथम मालकाचे आहे. स्टेज-४ पूर्वीच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते. जुन्या जीपच्या मालकाला तो जाच वाटतो, पण वर्षातून दोनदा इतक्या कमी पैशांत इंजिनाच्या आतली स्थिती सांगणारी दुसरी तपासणी गावात मिळत नाही. एक फेरी मेमध्ये, काजूच्या धुळीचा मोसम संपताना, आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये, पावसाळ्यानंतर फिल्टर आणि इंधन साफ झाल्यावर ठेवावी. केंद्रावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आग्रह मालकानेच धरावा आणि कागदावर पास-नापास वाचून न थांबता आकडा वाचावा. गुणांक एका वर्षी १.१, पुढच्या मेमध्ये १.६ आणि त्यापुढे २.१ असेल, तर तिन्ही कागद पास आहेत, तरी इंजिन एका दिशेने सरकते आहे. अशा वेळी आधी फिल्टर, मग टॅपेट आणि टाइमिंग, मग नोझल आणि पंप, आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने स्वस्तापासून महागापर्यंत जावे. एकेक काम झाले की आकडा पुन्हा घ्यावा, म्हणजे पैसा कुठे कामी आला ते कळते. सगळा क्रम संपूनही आकडा २.४५ च्या खाली उतरत नसेल आणि इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च जीपच्या कामाला परवडत नसेल, तर ती भंगारात देणे हा रास्त निर्णय आहे. मात्र फिल्टरचा डबासुद्धा न उघडता आलेला तोच सल्ला पेडणे-डिचोलीतल्या मालकाने निमूटपणे मान्य करू नये.